'पक्की' शाई किती पक्की?

दहावीच्या निरोप समारंभाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. भाषणे संपतात, खाऊ वाटून होतो आणि कुणाच्या तरी दप्तरातून जाड टोकाचा काळा मार्कर बाहेर येतो. पाहता पाहता सगळ्यांच्या पांढऱ्या शर्टांच्या वह्या होतात. पाठीवर नावे, बाहीवर चित्रे, खिशावर एखादे फूल, कॉलरजवळ सरांची किंवा बाईंची सही. मार्करवर 'पर्मनंट' म्हणजे 'कायमचा' असे छापलेले असते, त्यामुळे सगळे निश्चिंत असतात.

आमच्या गारखेडा परिसरातील एक विद्यार्थिनी असाच एक शर्ट घेऊन माझ्याकडे आली होती. घरच्यांनी तो नेहमीच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात, धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजत घातला होता. पाठीवरच्या काळ्या अक्षरांची आता फक्त जांभळट सावली उरली होती. एक नाव तर जवळजवळ पुसूनच गेले होते, आणि नेमके तेच तिला हवे होते. ती मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे परीक्षा संपताच दूरच्या गावी गेली होती.

"सर, यावर पर्मनंट लिहिलं होतं ना? मग शाई गेली कशी? आणि उरलेली नावं तरी राहतील का?"

प्रश्न दोन्ही चांगले होते. पहिला विज्ञानाचा आणि दुसरा व्यवहाराचा, पण पहिल्याचे उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्याचे मिळत नाही. तेव्हा पहिल्यापासूनच सुरुवात करू. गारखेड्यातील एका चौकाचे नावच 'सूतगिरणी चौक' आहे, म्हणून आपणही सुतापासूनच निघू या.

कापडातील नळ्या

शर्टाचे कापड दुरून सपाट, सलग दिसते. भिंगातून पाहा. उभ्या आणि आडव्या धाग्यांची ती एक जाळी आहे. त्यातील एक धागा सुईने उकलला तर त्यातून आणखी बारीक तंतू निघतात. शर्टाच्या सुती धाग्याच्या छेदात असे शंभराच्या आसपास तंतू असतात, आणि एकेका तंतूची जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसापेक्षा बरीच कमी असते. (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

पीळ कितीही घट्ट दिला तरी तंतूंच्या मध्ये फटी राहतातच. या फटी म्हणजे अतिशय बारीक नळ्याच होत. बारीक नळीत द्रव आपोआप चढतो, हे तुम्ही केशाकर्षणाच्या पाठात शिकला आहात. निरांजनातील वातीत तेल चढते ते यामुळेच. नळी जितकी बारीक तितका द्रव वर चढतो. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या स्वच्छ नळीत पाणी तत्त्वतः सुमारे दीड मीटर उंच चढू शकेल! टॉवेलचे एक टोक बादलीत बुडाले तर काही वेळाने बाहेरचा बराच भाग ओला का होतो, हे आता लक्षात येईल.

कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज. सेल्युलोजच्या रेणूवर ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूंना ओढून धरतात. म्हणून हवेत नेहमीइतका दमटपणा असताना कोरडा वाटणारा सुती कपडाही आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी बाळगून असतो. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नसते. शाळेच्या गणवेशाचे शर्ट पुष्कळदा टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस यांच्या मिश्र धाग्याचे असतात. याचाच अर्थ असा, की एकाच शर्टावरची शाई दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या तंतूंवर बसलेली असते.

मार्करच्या पोटात काय असते?

मार्कर ही काही फार जुनी वस्तू नव्हे. १९५३ मध्ये अमेरिकेत सिडनी रोझेंथल यांनी शाईची छोटी बाटली घेऊन तिच्या तोंडाशी नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, टोक बसवले. १९६२ मध्ये जपानच्या युकिओ होरिए यांनी कृत्रिम तंतू एकत्र बांधून त्यांचे बारीक टोक तयार केले. दोन्हींतले तत्त्व एकच, आपल्या निरांजनाच्या वातीचे. टोक म्हणजे वात आणि शाई म्हणजे तेल.

शाईत मुख्यतः तीन घटक असतात.

पहिला घटक रंगाचा. हा दोन प्रकारचा असतो. द्रावकात पूर्ण विरघळतो तो रंजक, आणि न विरघळता बारीक कणांच्या रूपात तरंगतो ते रंगद्रव्य. काजळी हे रंगद्रव्याचे सोपे उदाहरण.

दुसरा घटक राळेसारखा चिकट पदार्थ. शाई वाळल्यावर रंगाला पृष्ठभागावर चिकटवून ठेवण्याचे काम याचे.

तिसरा घटक द्रावक. स्केचपेनच्या शाईत द्रावक पाणी असते. पर्मनंट मार्करमध्ये बहुधा अल्कोहोलच्या जातीचे द्रव असतात. टोपण काढताच येणारा उग्र वास त्यांचाच. पाण्याचे पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास, तर अल्कोहोलचे अवघे २२. पृष्ठताण कमी असल्यामुळे अल्कोहोल अशा पृष्ठभागांवरही पसरते, जिथे पाण्याचे नुसते थेंब होऊन राहतात. म्हणून स्केचपेन प्लॅस्टिकच्या डब्यावर उमटत नाही, पण मार्कर उमटतो.

मार्करने कापडावर रेघ ओढली की काय होते? शाई तंतूंमधल्या फटींत शिरते, अल्कोहोल उडून जाते आणि रंग व राळ मागे राहतात. हा रंग पाण्यात सहज विरघळत नाही. म्हणून त्याला 'पर्मनंट' म्हणावयाचे. पण येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रंग आत जाताना विरघळलेला होता आणि वाळल्यावर घट्ट झाला. एवढाच बदल घडला. हा भौतिक बदल आहे. मिठाचे पाणी आटवले की मीठ मिळते आणि पाणी घातले की ते पुन्हा विरघळते, तसाच. या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत.

शाई फुटते ती का?

कापडावर चित्र काढणाऱ्यांची पहिली तक्रार असते, "शाई फुटते." कागदावर रेखीव दिसणारी पाकळी कापडावर पिसारल्यासारखी होते. दोष हाताचा नसतो, तो केशाकर्षणाचा असतो. त्याचा नियम मात्र फार सुंदर आहे आणि तो तुम्ही घरीच तपासू शकता.

प्रयोग १. जुन्या, धुतलेल्या सुती कापडाची २ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब पट्टी कापा. तिच्यावर दर सेंटिमीटरला पेन्सिलीने खूण करा. पट्टी एका ताटलीच्या पाठीवर आडवी ठेवा आणि एक टोक शेजारच्या वाटीतल्या रंगीत पाण्यात बुडेल असे वाकवा. पाणी ताटलीच्या काठाला पोहोचले की घड्याळ सुरू करा आणि ओल कुठवर गेली ते १, ४ आणि ९ मिनिटांनी लिहून ठेवा.

समजा, पहिल्या मिनिटात ओल २ सेंटिमीटर गेली. मग ४ मिनिटांनी ती ८ सेंटिमीटर जाईल, असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात ती ४ सेंटिमीटरच्या आसपास आणि ९ मिनिटांनी ६ सेंटिमीटरच्या आसपास सापडेल. अंतराचा वर्ग वेळेच्या समप्रमाणात वाढतो. लुकास यांनी १९१८ मध्ये आणि वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये हा नियम मांडला. कारण सोपे आहे. ओढणारे बल तेवढेच राहते, पण मागून ओढत न्यावयाची द्रवाची शेपटी लांबत जाते आणि तिचा विरोधही वाढत जातो.

यातून चित्रकाराने काय घ्यावे? ओल सर्वांत जोरात धावते ती पहिल्या क्षणात. म्हणून मार्करचे टोक एका जागी टेकवून विचार करीत बसू नये. टोक टेकलेले असेपर्यंत शाईचा पुरवठा चालू असतो आणि डाग वाढत राहतो. हलक्या हाताने, चटकन ओढलेली रेघ कमी फुटते. दुसरे असे, की कापडामागे पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र ठेवले तर शर्टाच्या मागच्या बाजूवर डाग उमटत नाही.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. कोऱ्या कापडाला खळ असते. खळीमुळे फटी बुजलेल्या असतात, त्यामुळे शाई वरच बसते आणि रेघ मोठी सुबक दिसते. पण पहिल्याच धुण्यात खळ सुटते आणि तिच्याबरोबर शाईही जाते. म्हणून कापड आधी एकदा धुऊन, पूर्ण वाळवून, मगच रंगवावे.

परटाचा बिब्बा

आता जरा मागे जाऊ. मार्कर नव्हते तेव्हाही कपड्यांवर पक्की खूण करण्याची गरज होतीच. परटाकडे अनेक घरांचे कपडे एकत्र येत. मुंबईत महालक्ष्मीच्या धोबीघाटावर तर असंख्य घरांचे कपडे धुतले जातात. पांढऱ्या धोतरांच्या ढिगातून कुणाचे धोतर कोणते, हे कसे ओळखायचे? परीट कपड्याच्या कोपऱ्याला किंवा कॉलरच्या आतल्या बाजूला लहानशी खूण करीत. ठिपके, रेघा, फुल्या यांची ती एक लिपीच होती. ही खूण भट्टीत उकळली, दगडावर आपटली तरी जात नसे. पोलिसांनाही तपासात तिचा उपयोग होई.

ही शाई झाडावर पिकत असे. ते झाड म्हणजे बिब्बा. आपल्याकडच्या कोरड्या पानझडी जंगलात ते आढळते. त्याचे शास्त्रीय नाव सेमेकार्पस ॲनाकार्डियम. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. बिब्ब्याच्या बियांतला गर म्हणजे गोडंबी. ती तुम्ही थंडीच्या लाडवांत खाल्ली असेल. पण गोडंबीभोवतीच्या काळ्या टरफलात दाहक, तेलकट रस असतो. इंग्रजांनी या फळाला दिलेल्या नावाचा अर्थच 'खूण करण्याची बी' असा आहे.

परीट बिब्ब्याला सुई टोचून तो रस कपड्यावर लावीत, आणि त्यावर पुष्कळदा चुन्याचे बोट फिरवीत. रस लावताना तपकिरी दिसे आणि हळूहळू काळाभोर होई. असे का व्हावे? बिब्ब्याच्या रसात कॅटेकॉल जातीची संयुगे असतात. हवेतील ऑक्सिजनशी त्यांचा संयोग होतो, आणि मग त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठमोठे, काळे, न विरघळणारे रेणू तयार होतात. चुना अल्कधर्मी असल्याने ही क्रिया लवकर होते. जपानमध्ये याच कुळातल्या एका झाडाच्या चिकापासून भांड्यांवर चकचकीत, टिकाऊ लेप देतात. त्यातही हीच जातकुळी आणि हीच क्रिया.

येथे मार्कर आणि बिब्बा यांच्यातला फरक उघड होतो. बिब्ब्याचा रस पातळ असताना तंतूंत शिरतो आणि आत गेल्यावर वेगळाच पदार्थ बनतो. हा रासायनिक बदल आहे. ज्या रूपात तो आत शिरला ते रूपच आता उरलेले नसते, मग त्या वाटेने तो परत कसा येणार? मार्करचा रंग मात्र आत जाताना होता तोच राहतो. द्रावक पुन्हा भेटला की तो पुन्हा विरघळतो आणि आल्या वाटेने परत जातो.

हे वाचून कुणी बिब्बा आणावयास काष्ठौषधीच्या दुकानात धावू नका. बिब्बा उततो. अंगाला रस लागला तर खाज, सूज आणि पाण्याने भरलेले फोड येतात. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर चमत्कारिक पुरळ उठू लागले. पुरळाची जागा आणि कपड्यावरच्या धोब्याच्या खुणेची जागा एकच असल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले आणि १९४३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. धुऊन वाळलेल्या कपड्यावरची खूणसुद्धा त्रास देत होती! चांगल्या कामात विघ्न आणणाऱ्याला आपण 'मध्येच बिब्बा घातला' म्हणतो, ते उगाच नव्हे. तेव्हा बिब्ब्याचे रसायन समजून घ्या, पण हात लावू नका.

रासायनिक बदलाने पक्के होण्याची आणखी दोन उदाहरणे तुमच्या परिचयाची आहेत. मतदाराच्या बोटावरच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ही शाई वापरात आली आणि ती म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते. कातडीवरील क्षार आणि उजेड यांच्यामुळे तिच्यातून चांदीचे काळे डाग बनतात. ते धुऊन जात नाहीत. कातडी झडते आणि नख वाढते तेव्हाच जातात. युरोपात पूर्वी कपड्यांवर नावे घालावयाच्या शाईतही सिल्व्हर नायट्रेटच वापरीत. दुसरे उदाहरण निळीचे. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. रंगारी तो आधी रासायनिक क्रियेने विद्राव्य, पिवळट-हिरव्या रूपात आणतात आणि त्यात कापड बुडवतात. कापड हवेत काढले की ऑक्सिजनमुळे तंतूंच्या आतच निळा, अविद्राव्य रंग पुन्हा तयार होतो. तिन्हींचे सूत्र एकच, आत जाताना पातळ आणि आत गेल्यावर कायमचे घट्ट.

मग शर्ट जांभळा का झाला?

आता शर्टाकडे वळू. मार्करचा रंग पाण्यात विरघळत नाही, पण धुण्याच्या बादलीत नुसते पाणी नव्हते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलकट पदार्थांकडे. त्यामुळे पाण्यात न विरघळणारे कणही साबण उचलून नेतो. मळ निघतो तोही असाच. गरम पाण्यात ही क्रिया जलद होते. शिवाय सोडा अल्कधर्मी. क्रिस्टल व्हायोलेटसारखे काही रंजक अल्कलीमुळे हळूहळू रंगहीन होतात. महाविद्यालयातील रसायनशास्त्राचा हा एक नेहमीचा प्रयोग आहे. त्यातून टेरिकॉटमधील पॉलिएस्टरच्या तंतूंत शाई शिरलेलीच नव्हती, ती नुसती वर बसली होती. रात्रभरात तिला सुटायला भरपूर वेळ मिळाला.

पण काळी अक्षरे फिकट काळी न होता जांभळी का झाली? याचे उत्तर पुढच्या प्रयोगात मिळेल.

प्रयोग २. जुना, पांढरा, सुती हातरुमाल वाटीच्या तोंडावर ताणून रबराने बांधा. मधोमध रुपयाच्या नाण्याएवढे वर्तुळ कल्पून त्याच्या कडेने काळ्या मार्करचे सहा-सात ठिपके द्या. औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट ड्रॉपरमध्ये घ्या आणि वर्तुळाच्या मध्यावर एकेक थेंब सोडा. प्रत्येक थेंब पसरून थांबला की मगच पुढचा. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून हा प्रयोग स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ करू नका. खिडक्या उघड्या ठेवा आणि मोठ्या माणसाला सोबत घ्या.

ठिपक्यांतून रंग बाहेरच्या बाजूला धावू लागतील आणि फुलासारखी आकृती उमलेल. नीट पाहा, बऱ्याच मार्करांच्या काळ्या ठिपक्यातून निळा, जांभळा, गुलाबी असे वेगवेगळे पट्टे बाहेर पडतात. काळा रंग एकटा नव्हता, तो अनेक रंजकांचे मिश्रण होता. ज्या रंजकाची कापडाशी ओढ कमी तो दूर धावला, ज्याची जास्त तो मागे रेंगाळला. रसायनशास्त्रज्ञ मिश्रणातले घटक वेगळे करण्यासाठी हीच युक्ती वापरतात. तिला वर्णलेखन म्हणतात. शर्टावर हेच साबणाच्या पाण्याने घडवून आणले. सोबत्यांपैकी काही लवकर निघून गेले आणि चिवट जांभळा तेवढा मागे राहिला. एखाद्या मार्करचा ठिपका स्पिरिटलाही हलला नाही, तर त्यात काजळीसारखे रंगद्रव्य असण्याचा संभव जास्त.

या प्रयोगाने रुमालावर छान नक्षी मिळते. म्हणजे शाईचा जो दोष, तोच कुशल हातात गुण ठरतो. मात्र नक्षी स्पिरिटने बनली आहे तेव्हा स्पिरिटनेच बिघडेल. अत्तर आणि हात साफ करण्याचे सॅनिटायझर यांतही अल्कोहोल असते. त्यांचा शिंतोडा तिच्यावर उडू देऊ नका.

पक्केपणाची परीक्षा

आता तुम्ही विचाराल, आपल्या हातातला मार्कर चांगला की वाईट, हे कळावे कसे? वेष्टनावरच्या शब्दावर विसंबू नका, परीक्षा घ्या. कापडगिरण्यांच्या प्रयोगशाळांतही 'हा रंग पक्का' असे मोघम म्हणत नाहीत. धुण्यापुढे किती पक्का, घासण्यापुढे किती, उन्हापुढे किती, अशा वेगवेगळ्या श्रेणी असतात. धुण्याची आणि घासण्याची श्रेणी १ ते ५. ५ म्हणजे काहीही फरक नाही. उन्हाची १ ते ८.

प्रयोग ३. एकाच कापडाचे सहा तुकडे करा. प्रत्येकावर त्याच मार्करने तेच चित्र काढा आणि दोन दिवस वाळू द्या. पहिला तुकडा वहीत जपून ठेवा, तो तुलनेसाठी. दुसरा थंड पाण्यात सौम्य साबणाने धुवा. तिसरा गरम पाण्यात सोडा घालून धुवा. चौथ्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाका आणि पंधरा दिवस गच्चीवर उन्हात ठेवा. मराठवाड्याचे ऊन कठोर परीक्षक आहे. पाचवा आधी कोरड्या आणि मग ओल्या पांढऱ्या चिंधीने दहा-दहा वेळा घासा. सहाव्याला इस्त्री करा आणि मग दुसऱ्यासारखाच धुवा. शेवटी सगळे तुकडे शेजारी मांडून १ ते ५ गुण द्या. गुण देणाऱ्या मित्राला कोणता तुकडा कोणता ते सांगू नका, म्हणजे पक्षपात होणार नाही. हाच प्रयोग टेरिकॉटवर करा आणि दोन्ही तक्ते ताडून पाहा. विज्ञान प्रदर्शनासाठी हा विषय चांगला आहे.

सहावा तुकडा मी मुद्दाम सांगितला. 'इस्त्री केली की मार्कर पक्का होतो' असे पुष्कळांना वाटते. हे खरे आहे, पण दुसऱ्या वस्तूबाबत. कापडावर रंगविण्यासाठी खास बनविलेल्या फॅब्रिक कलरमध्ये बहुवारिकाचे सूक्ष्म कण असतात. उष्णतेने ते एकमेकांत मिसळून तंतूंभोवती सलग पापुद्रा तयार होतो. काही रंगांत बहुवारिकाच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जोडल्याही जातात, म्हणजे पुन्हा रासायनिक बदलच. म्हणून त्यांच्या डबीवर इस्त्रीची सूचना असते. साध्या मार्करच्या शाईत असे काही घडवून आणणारा घटक नसेल, तर इस्त्रीने उरलेसुरले द्रावक तेवढे उडेल. मिठाचे पाणी आणि व्हिनेगर यांचेही तसेच. कापूस रंगविण्याच्या द्रावणात मिठाचा उपयोग होतो, पण राळेत वाळून बसलेल्या मार्करच्या रंगाला त्याचा आधार मिळण्याचे कारण दिसत नाही. अर्थात माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका. सातवा आणि आठवा तुकडा घ्या आणि करून पाहा.

पुन्हा त्या शर्टाकडे

या सगळ्यावरून त्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. उरलेली नावे टिकवावयाची तर शर्ट शक्यतो धुऊच नये. धुवावाच लागला तर उलटा करून, थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न भिजवता, न घासता धुवावा आणि सावलीत वाळवावा. फिकट झालेल्या अक्षरांवरून फॅब्रिक कलरच्या बारीक कुंचल्याने पुन्हा रेघ ओढावी, आणि पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री करावी. पुढच्या वर्षी शर्टावर लिहिणार असाल तर साधा मार्कर न घेता कापडासाठीचाच घ्यावा, शर्ट आधी धुतलेला असावा, आणि जमल्यास सुतीच असावा.

गेलेल्या नावाचे काय? तो रंग पाण्याबरोबर वाहून गेला होता; तो परत आणणारे रसायन माझ्याकडे नव्हते, आणि तसे मी तिला सांगितले. पण समारंभाच्या दिवशी काढलेल्या एका छायाचित्रात शर्टाची पाठ दिसत होती. त्यावरून तिने ते नाव, तेच वळण ठेवून, पेन्सिलीने पुन्हा उतरवून घेतले आणि तिच्या आजीने त्यावर साखळी टाक्याने भरतकाम करून दिले. येथे ना द्रावक ना राळ. धागा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांतून आतबाहेर गेलेला असतो आणि घर्षणाने जागच्या जागी राहतो. आमच्या जिल्ह्यातली पैठणी आणि हिमरू यांची नक्षी अशीच धाग्यांची असते. रंग आधी सुतावर चढतो आणि चित्र नंतर विणले जाते. आजीने भरावयाचा दोरा घेताना मात्र त्याचा एक तुकडा गरम पाण्यात, पांढऱ्या चिंधीवर घासून पाहिला. तिला केशाकर्षण किंवा वर्णलेखन हे शब्द ठाऊक नव्हते, पण वापरण्याआधी परीक्षा घ्यावी, हे ठाऊक होते.

तुम्हीही तसेच करा. हाताशी असलेल्या मार्करची परीक्षा आधी एका चिंधीवर घ्या, तारखेसह निकाल वहीत लिहा, आणि मगच मित्राच्या शर्टाला हात लावा.